पळणारे घड्याळ आणि दहा बाय बाराची खोली: तुमच्या घरातील सर्वांत विक्षिप्त वस्तू कोणती?

कपाटातला_खण

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या परळच्या खोलीतील पोटमाळ्यावरून एक खोके खाली उतरवले आणि त्यातून चाके लावलेले गजराचे घड्याळ निघाले. सात-आठ वर्षांपूर्वी मनीष मार्केटमधून साडेतीनशे रुपयांना मीच ते आणले होते. गजर वाजू लागला की हे घड्याळ टेबलावरून खाली उडी मारते आणि कर्कश आवाज करत खोलीभर पळत सुटते, म्हणजे झोपलेल्या माणसाला अंथरूण सोडून त्याच्यामागे धावावेच लागते, अशी त्यामागची कल्पना. ती मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. अडचण एवढीच झाली की आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री गाद्या घातल्यावर जमीन नावाची गोष्ट शिल्लकच राहत नाही. पहिल्याच पहाटे साडेपाच वाजता ते घड्याळ टेबलावरून जे निसटले ते थेट खाली झोपलेल्या वडिलांच्या छातीवर पडले, तेथून आईच्या गोधडीत शिरले, आणि गोधडीच्या सुटलेल्या दोऱ्यात चाक गुंतल्यामुळे जागच्या जागी घरघरत राहिले. मला सोडून घरातील सर्वजण उठले.

तेव्हापासून माझे असे मत बनले आहे की प्रत्येक उपकरणात ते बनवणाऱ्याच्या घराचे माप दडलेले असते. ज्याने हे घड्याळ कल्पिले त्याच्या डोळ्यांपुढे पलंग, पलंगाभोवती मोकळी फरशी आणि खोलीत एकटाच झोपलेला माणूस होता. यांतले आमच्याकडे काहीच नव्हते. वस्तू निरुपयोगी नव्हती, ती चुकीच्या पत्त्यावर आली होती. तुमच्या घरी अशी कोणती विक्षिप्त वस्तू आली, तिचे पुढे काय झाले, आणि माझे हे मत तुम्हाला पटते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

तिसरी_घंटा

तुम्ही आणलेली नक्कल असणार, परंतु मूळ वस्तूचा इतिहास मानाचा आहे. तिचे नाव 'क्लॉकी'. गौरी नंदा यांनी अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये विद्यार्थिनी असताना ती बनवली आणि २००५ साली त्यांना तिच्यासाठी अर्थशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. आधी हसू यावे आणि मग विचार करावासा वाटावा, अशा कामांना १९९१ पासून हे पारितोषिक दिले जाते. लोक खरोखर अंथरुणातून उठतील आणि निदान कागदोपत्री तरी कामाच्या तासांत भर पडेल, असे कारण परीक्षकांनी त्या वेळी दिले होते.

यातील खरी गंमत पुढेच आहे. याच अर्थशास्त्र विषयाचे इग नोबेल १९९७ साली 'तामागोची' या जपानी खेळण्याच्या जन्मदात्यांना, अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांना, मिळाले होते. कारण होते, माणसांचे लक्षावधी कामाचे तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल. म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने एक पारितोषिक तास बुडवल्याबद्दल आणि दुसरे ते वसूल करून दिल्याबद्दल.

आडवा_पाऊस

वडिलांच्या छातीवर पडूनही ते चालू राहिले, यावरून त्या मालाचा दर्जा लक्षात यावा.

मुलुंडची_मावशी

तुमचे माप आणि पत्ता हे म्हणणे मला पूर्ण पटते, कारण आमच्या घरातील वस्तू तर स्वयंपाकघरातच हरली. आमचे हे किल्ल्या कुठेही ठेवतात, म्हणून मी त्यांना शिट्टी वाजवली की 'पीप पीप' असे उत्तर देणारी किल्ल्यांची साखळी आणून दिली होती. विकणाऱ्याने गाडीतच स्वतः शिट्टी वाजवून ती दाखवली आणि अर्ध्या डब्याने कौतुकाने पाहिले. घरी आल्यावर मात्र असे लक्षात आले की तिला माणसाची शिट्टी आणि कुकरची शिट्टी यांतला फरक कळत नाही. सकाळी वरण-भाताचा कुकर लावला की प्रत्येक शिट्टीला बाहेरच्या खोलीतून साखळी ओ देत असे. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत आणि सकाळी सात ते आठ या वेळेत चारही घरांचे कुकर लागतात. बटाट्याला किती शिट्ट्या झाल्या हे विसरले, तर मी साखळीचे पीप मोजू लागले होते. म्हणजे तिचा उपयोग झालाच, फक्त किल्ल्या शोधण्यासाठी झाला नाही.

विरुद्धार्थी

मला मूळ मत पटलेले नाही. जागेच्या मापाचा मुद्दा चटकदार आहे, परंतु वस्तूचा विक्षिप्तपणा जागेवर ठरत नाही, तो काळावर ठरतो. जपानमध्ये 'चिंदोगु' नावाचा एक प्रकार आहे. केन्जी कावाकामी यांनी तो रूढ केला. एखादी छोटी अडचण सोडवणारी, पण ती सोडवताना त्याहून मोठी पंचाईत करणारी वस्तू म्हणजे चिंदोगु. गरम शेवया गार करण्यासाठी खाण्याच्या काड्यांनाच बसवलेला चिमुकला पंखा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्याचे नियमही ठरलेले आहेत: वस्तू प्रत्यक्षात बनवलेली असली पाहिजे, पण ती खऱ्या वापरासाठी नसावी, ती विकायची नाही आणि तिचे पेटंटही घ्यायचे नाही.

अशा वस्तूंच्या १९९५ सालच्या एका इंग्रजी संग्रहात, स्वतःचाच फोटो काढता यावा म्हणून कॅमेऱ्याला लावलेली लांब काठी हसण्याजोगी वस्तू म्हणून छापलेली होती. त्याआधी मिनोल्टा या कॅमेरा कंपनीतील दोघांनी तशाच काठीचे पेटंट १९८० च्या दशकात घेतले होते, पण ती फारशी चालली नाही. पुढे वीस वर्षांत काय झाले ते आपण सर्वांनी गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहून पाहिले आहे. काठी तीच, माप तेच, घरेही तेवढीच. बदलला तो मोबाइलच्या पुढच्या बाजूस आलेला कॅमेरा.

वांद्रे_पूर्व

आणि २०१६ च्या सुरुवातीला बँडस्टँडवर सेल्फी काढताना समुद्रात पडण्याची ती दुर्घटना घडल्यानंतर पोलिसांना समुद्रकाठच्या जागा हेरून तेथे सेल्फीला मनाई करावी लागली. हसण्याच्या यादीतील वस्तूचा प्रवास मनाईच्या पाटीपर्यंत होतो, हे मात्र कोणत्याही चिंदोगुकाराला सुचले नसते.

दादरचा_पूल

तिसरी_घंटा यांनी तामागोचीचा विषय काढला म्हणून लिहितो. १९९८ साली मी सहावीत होतो आणि मामाने हीरा पन्नामधून मला तसे एक खेळणे आणले होते. अंड्याच्या आकाराचे, तीन बटणांचे, किल्लीच्या साखळीला अडकवायचे. नावातही जपानीतले 'तामागो', म्हणजे अंडे, आहेच. त्यात एक ठिपक्याठिपक्यांचा प्राणी जन्मतो, त्याला वेळेवर भरवावे लागते, त्याची घाण साफ करावी लागते, आणि दुर्लक्ष झाले तर तो मरतो. शाळेत नेण्यास बाईंची मनाई असल्यामुळे दिवसभराची जबाबदारी घरात असलेल्या मोठ्या काकूवर पडली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून मी वहीच्या कागदावर चित्रे काढून दिली होती: भांड्याचे चित्र आले की डावे बटण दोनदा आणि मधले एकदा.

काकूने ते काम ज्या निष्ठेने केले तसे मी कधीच केले नाही. ती खेळणे पदराच्या टोकाला बांधून ठेवी. संकष्टीच्या दिवशी स्वतः चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून तिने त्याला दुपारी दोनदा भरवल्याचे मला आठवते आणि त्यावर घरात झालेली चर्चाही आठवते. एके दिवशी शेजारी बारशाला गेलेली असताना ते ओट्यावर राहिले आणि संध्याकाळी पडद्यावर देवदूत दिसू लागला. मी पाच मिनिटांत बटण दाबून नवे अंडे सुरू केले. काकूने मात्र त्यानंतर त्याला हात लावला नाही. 'मेलेल्याच्या जागी लगेच दुसरे आणायचे नसते,' एवढेच ती म्हणाली.

आडवा_पाऊस

यानंतर विनोद करण्याची माझी इच्छा राहिलेली नाही, काकूंना नमस्कार.

पाटा_वरवंटा

मी वातावरण थोडे हलके करते. अमेरिकेत १९७५ साली गॅरी डाल नावाच्या जाहिरात लेखकाने 'पेट रॉक' या नावाने चक्क दगड विकला. गवताच्या बिछान्यावर ठेवलेला गुळगुळीत गोटा, श्वास घेता यावा म्हणून भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, आणि त्याची निगा कशी राखावी याची पुस्तिका. किंमत सुमारे चार डॉलर. त्या नाताळात लोकांनी तो लाखोंनी घेतला आणि पुढच्या वर्षी सर्वजण विसरून गेले. खरी करमणूक त्या पुस्तिकेत होती, दगड निमित्तापुरता.

हे वाचून परदेशी लोक वेडे आहेत असे आपण म्हणतो, पण बारशाला आपण काय करतो ते आठवा. वरवंट्याला कुंची घालून, गोप्या म्हणून, 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' करत पाळण्याच्या खालून-वरून फिरवतो. आमच्याकडे आता मिक्सर असल्यामुळे वरवंटा कशालाच लागत नाही, तरी गिरगावातून बोरिवलीला येताना सासूबाईंनी तो टेंपोत स्वतःच्या मांडीवर घेतला होता. तेव्हा पाळीव दगड आमच्याकडे आधीपासून आहे, पुस्तिका तेवढी नाही.

लॅमिंग्टन_रोड

विरुद्धार्थी यांचा काळाचा मुद्दा आणि धागाकर्त्याचा जागेचा मुद्दा, दोन्हींना दाद न देणारी एक वस्तू माझ्या टेबलावर आहे. एक लाकडी डबी, तिच्यावर एक खटका. खटका दाबला की झाकण उघडते, आतून एक बोट बाहेर येते, तोच खटका बंद करते आणि पुन्हा आत जाते. याशिवाय ती डबी काहीही करत नाही. ही कल्पना मार्विन मिन्स्की यांना १९५२ साली बेल लॅबमध्ये उन्हाळ्यापुरते काम करत असताना सुचली आणि क्लॉड शॅनन यांनी तसे यंत्र प्रत्यक्ष बनवून टेबलावर ठेवले होते. शॅनन म्हणजे ज्यांनी १९४८ साली माहितीचा गणिती सिद्धांत मांडला, ज्याच्या आधाराने आपला आजचा सगळा संदेशव्यवहार चालतो, तेच. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांत मिन्स्की यांचे नाव घेतले गेले.

माझी डबी मुलीने आणि मी टाळेबंदीनंतरच्या पहिल्या सुट्टीत बनवली. एक गिअरची मोटर, चार सेलचा खोका, सहा पायांचा खटका आणि एक छोटा लिमिट स्विच, एवढेच सामान लागते. खटका एका बाजूला केला की मोटर सुलटी फिरते आणि बोट बाहेर येते. बोटाने खटका उलटा ढकलला की विजेची दिशा बदलते, मोटर उलटी फिरून बोट आत जाते, आणि पूर्ण आत गेलेले बोट लिमिट स्विच दाबते, त्यामुळे वीज तुटते. सहा पायांवरच्या तारा आम्ही तीनदा चुकीच्या जोडल्या. पहिल्या वेळी बोट बाहेर आले आणि खटका बंद न करता त्याला नुसते ढकलतच राहिले, अगदी बंद दाराला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसासारखे. मुलगी तेव्हा जी हसली तशी ती नीट चालू लागल्यावर हसली नाही.

ही डबी परळच्या खोलीतही तेवढीच निरुपयोगी ठरेल आणि मलबार हिलच्या बंगल्यातही. तरी घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती दहा वेळा तरी दाबतो. आमच्या सोसायटीच्या हिशेबनिसांनी वीस मिनिटे दाबली आणि मग मला विचारले की हिचा उपयोग काय.

कपाटातला_खण

लॅमिंग्टन_रोड, तुमच्या डबीपुढे मी माझे मत अर्धे मागे घेतो. जी वस्तू उपयोगाचा दावाच करत नाही तिला पत्ता चुकण्याची भीती नाही. माझे म्हणणे दावा करणाऱ्या वस्तूंपुरते धरावे.

चाळीतला_गणपती

मग दावा करणाऱ्या वस्तूची बाजू मी मांडतो, कारण तिची सर्वत्र चेष्टा होते. विजेवर चालणारा घंटा-नगारा सर्वांनी पाहिला असेल: एका लोखंडी चौकटीत नगारा, झांजा आणि घंटा, खाली मोटर, बटण दाबले की सगळे एकदम सुरू. आमच्या चाळीच्या मंडळाने तो आणला तेव्हा, आरतीला हात जोडायचे की यंत्राला, असे पुष्कळ बोलले गेले. वस्तुस्थिती अशी आहे की पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या आमच्या चाळीत आता निम्म्या खोल्यांना कुलपे आहेत आणि दुपारच्या आरतीला चार माणसे जमली तरी खूप. चौघांत टाळ कोणी वाजवायचे, ताम्हन कोणी धरायचे आणि ढोलकी कोणी बडवायची? एकदा 'युगे अठ्ठावीस' म्हणत असताना वीज गेली, नगारा अचानक थांबला, आणि त्या शांततेत आमचे चार बेसूर आवाज आम्हालाच प्रथम नीट ऐकू आले. यंत्र कशासाठी आणले होते ते त्या क्षणी सर्वांना समजले.

विरुद्धार्थी

हे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. चाळीचा काळ बदलला म्हणून चेष्टेची वस्तू गरजेची झाली.

एकशे_आठ

देवाधर्माचा विषय निघालाच आहे तर अंगठीसारख्या बोटात घालायच्या नामजप काउंटरविषयी लिहिले पाहिजे. दादरला फुलबाजारापाशी तो अजूनही पन्नास-साठ रुपयांना मिळतो. आजीने लाख जपाचा संकल्प केला होता आणि माळ हातातून निसटते म्हणून मी तिला तो काउंटर घेऊन दिला. पाच महिने जप झाला. यंत्रात आकड्यांची घरे पाचच होती. आजीने ९९,९९९ नंतरचे बटण दाबले आणि पडद्यावर पाच शून्ये आली. संकल्पसिद्धीच्या क्षणीच खाते रिकामे! मी गडबडून समजूत काढू लागलो, तर तिने शांतपणे अंगठी काढून देवापुढे ठेवली आणि म्हणाली की त्याच्याकडे सहावे घर असेल.

तिसरी_घंटा

एकशे_आठ, आजींची अडचण यूट्यूबलाही आली होती. दक्षिण कोरियाच्या साय या गायकाचे 'गंगनम स्टाइल' हे २०१२ चे गाणे, ज्यावर आपल्याकडच्या विसर्जनाच्या मिरवणुकाही नाचल्या, ते यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले चलच्चित्र. तेथील मोजणी ज्या प्रकारच्या संख्येत ठेवली होती तिची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढीच होती. गाणे त्या आकड्यापाशी येऊन ठेपले तेव्हा मोजणीची पद्धतच बदलावी लागली आणि डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने ते गमतीने जाहीरही केले. नवी मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ आहे. एवढ्या घरांची अंगठी कोणाच्याही बोटात मावणार नाही.

पाण्याची_वेळ

इंटरनेटवरील विक्षिप्तपणाचा मूळपुरुष माझ्या मते केंब्रिज विद्यापीठातील कॉफीचे भांडे आहे. तेथील संगणक विभागात ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी कॉफीचे एकच यंत्र होते आणि दूरच्या खोल्यांतून येणाऱ्यांना ते रिकामे सापडे. म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेवला, म्हणजे जागेवरूनच पातळी दिसावी. १९९३ पासून ते चित्र इंटरनेटवर आले आणि जगभरातले लोक परक्या माणसांच्या कॉफीची पातळी पाहत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला आणि ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना गेले.

आमच्या दहिसरच्या सोसायटीत पाणी आले की नाही हे पाहण्यासाठी कोणीतरी सात मजले चढून गच्चीवर जावे लागे. एका सदस्याने आपला जुना मोबाइल प्लास्टिकच्या डब्यात घालून टाकीच्या पातळीच्या खुणेसमोर बांधला आणि चित्र सर्वांच्या फोनवर येऊ लागले. केंब्रिजबद्दल त्याला काहीही ठाऊक नव्हते. महिनाभर सर्व सुरळीत चालले. मग एका सकाळी चित्र काळेभोर झाले, टाकीत काहीतरी भयंकर घडले असे समजून सचिवांनी टँकर मागवला, आणि टँकरवाला पाइप घेऊन वर गेला तेव्हा डब्यासमोर बसलेला कावळा उडाला. टँकरचे पैसे कोणी द्यायचे, हा विषय अजून वार्षिक सभेच्या पटलावर आहे.

आडवा_पाऊस

कावळ्यालाही पाण्याची पातळी पाहायची असेल. खडे टाकून ती वर आणण्याचा अनुभव त्याच्याच पूर्वजांकडे आहे.

रुईया_कट्टा

एवढ्या थोरामोठ्यांत मी भीतभीत सांगते की माझ्या पिशवीला लाबुबू लटकवलेला आहे. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये कल्पिलेले ते पात्र मूळ रूपात मला परवडणारे नाही, म्हणून दादरच्या पुलावरून दीडशे रुपयांना जे घेतले त्याला जगभर 'लाफुफू' म्हणतात. अस्सल बाहुलीला नऊ दात असतात. माझीला अकरा आहेत. मैत्रिणींमध्ये आता जास्तीत जास्त दात कोणाच्या बाहुलीला, अशी स्पर्धा चालू आहे.

मुलुंडची_मावशी

रुईया_कट्टा, भीतभीत कशाला सांगतेस? पदराला अंडे बांधणाऱ्या काकू आणि मांडीवर वरवंटा घेणाऱ्या सासूबाई याच धाग्यावर आहेत.

रात्रपाळी

मी नालासोपाऱ्याला एकटा राहतो. रात्री काम करतो आणि दिवसा झोपतो, त्यामुळे दुपारी चार वाजता उठणे हा माझा रोजचा प्रश्न आहे. मोबाइलचा गजर मी झोपेतच बंद करतो. माझ्या खोलीत एक पलंग आणि एक फ्रिज सोडून काहीही नाही, बाकी सगळी फरशी मोकळी आहे. कपाटातला_खण, ते घड्याळ तुम्ही भंगारात दिले नसेल तर मला हवे आहे.

कपाटातला_खण

दिले नाही. माझ्या मताप्रमाणे ते तुमच्याच पत्त्यावर यायचे होते. शनिवारी सकाळी साडेनऊला दादरला पश्चिम रेल्वेच्या फलाट क्रमांक एकवर, इंडिकेटरखाली भेटू. सेल मी काढून वेगळ्या पुडीत बांधून आणतो. ते गाडीत घालून पाहू नका, कारण आसनाखाली शिरले तर विरार येईपर्यंत सापडणार नाही.

रात्रपाळी

घड्याळ मिळाले, आभारी आहे. काल चार वाजता ते टेबलावरून उतरले, एक पूर्ण फेरी मारली आणि फ्रिजखाली गेले. फरशीवर पालथे पडून झाडूच्या दांड्याने काढावे लागले आणि तोवर झोप पूर्ण उडाली होती. आज मात्र ते आणखी आत गेले आहे आणि मी हे लिहीत असताना तिथे वाजतेच आहे.

कपाटातला_खण

फ्रिजखाली किती इंच जागा आहे तेवढे मोजून कळवा.